हीच ती

मालेगाव स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून
हेमांगीचे सदतीस कागद छापून आणले.
पानाला दोन रुपये. त्यानं विचारलं, गुरुजी, हे कसलं?
म्हटलं, धाकट्या बहिणीचं आहे. बढतीचं काम.

ओसरीत बसून चाळतोय.
निबंधाचं नाव, मग लेखकांची रांग,
वर्ष, आणि कडेला एक आकडा:
किती जणांनी पुढे उल्लेख केला.
४१. ११८. ६. २.
मेंदूतल्या पेशींना लांब शेपट्या असतात म्हणे,
त्यांतून ऊर्जेचे दाणे
टोकाकडे जातात, टोकाकडून परततात.
वीस वर्षं ती उंदरांच्या पेशींत
ही जा-ये मोजतेय.

मला त्यातलं काही कळत नाही. रांग कळते.
सात पिढ्या आमचा धंदाच तो.
रामकुंडावर माणूस येतो, ओला, मुंडण ताजं,
गाव सांगतो, आडनाव सांगतो,
मी लाल बासन सोडतो
आणि त्याचा खापरपणजोबा त्याच्याच गावच्या पानावर
मोडीत सही करून बसलेला असतो.
त्याच्या खाली हा आपलं नाव घालतो,
पेन झटकत, हात पुसत.

फोनवर हेमांगी म्हणाली, दादा,
संगणक मला दोन बायका समजतो.
दोन हजार नऊपर्यंत गर्गे एच. डी.,
पुढे टकले एच.
अकरा निबंध गर्गेबाईंच्या नावावर पडलेत,
समिती विचारते, या कोण?
मी हसलो. मग हसू अडकलं,
कारण आमच्या चोपड्यांत बाया नाहीतच.
‘सहकुटुंब’ एवढा एक शब्द,
त्यात किती जणी उभ्या आहेत कुणास ठाऊक,
पदर पिळत.

एका ओळीपाशी बोट थांबलं. कडेला शून्य.
२००६. गर्गे एच. डी. एकटीच.
ही कुठली गं?
ती जरा वेळ गप्प. तिच्यामागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.
म्हणाली, तो माझा सगळ्यात नीट केलेला प्रयोग.
चौदा महिने. थंड खोलीत, दोन स्वेटर घालून.
जे शोधत होते ते नव्हतंच तिथं,
तसं लिहून टाकलं.
नसलेल्याचा उल्लेख कोण करणार?
काढू का यादीतून? बरं नाही दिसत.

मी उठून सिन्नरची चोपडी आणली,
फोन खांद्यात धरून, मान वाकडी.
वावीचं पान. शके अठराशे चोवीस, प्लेगचं साल.
‘तुळाजी, लोहार. एकटाच आला. मागे कुणी नाही.’
त्याच्याखाली कोरं.
सव्वाशे वर्षं होत आली. कागद पिवळा पडलाय, शाई काळीच आहे.
अण्णा दर दिवाळीत बासन बदलायचे,
हे पान पुसून परत ठेवायचे.
असेल कुठे त्याचा भाऊबिऊ, म्हणायचे,
उद्या दारात उभा राहिला तर?

तिला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, दादा, प्रवचन नको,
समितीला आकडा लागतो.
बरोबर आहे.
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
राहू दे ती ओळ.

रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसलो.
यजमानांची पानं आम्ही लिहितो,
आमच्या घराचं पान कुणी लिहिलेलं नाही,
हे पन्नाशी उलटल्यावर आज लक्षात आलं.
अकरा ठिकाणी ‘गर्गे एच. डी.’ शोधलं
आणि प्रत्येकासमोर टाकानं लिहिलं:
हीच ती. दिनकर गर्गे यांची कन्या.
खाली सही, तिथी, पेढीचा शिक्का.

समितीत हे चालणार नाही.
आमच्याकडे चालतं.
झेरॉक्सचा कागद शाई फार पितो,
अक्षरं थोडी पसरली.